रंग पुरत नाहीत, रंग चुकतात
शंका-समाधान : स्प्रेडशीट

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीचशी पत्रं कंडिशनल फॉरमॅटिंगबद्दलची, म्हणजे अटीनुसार सेल आपोआप रंगवण्याच्या सोयीबद्दलची आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ओळ कोणत्या प्रकारची हे आधी एका रकान्यात सूत्राने ठरवून लिहा, रंगाला फक्त तो रकाना वाचू द्या. रंगाच्या नियमातच सगळा हिशेब कोंबला की नियमांच्या मर्यादा आडव्या येतात.

सूत्रं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर फंक्शनची नावं, रकान्यांची अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा. अवतरणातले मराठी शब्द मराठीतच ठेवले तरी चालतात.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. प्रत्येक जॉबकार्डाची अवस्था आम्ही रंगाने दाखवतो : माल आला, कटिंग, मशीनिंग, प्लेटिंगला बाहेर, तपासणी, रवाना. ऑफिसमधल्या नव्या एक्सेलमध्ये सहाही रंग दिसतात, पण शॉपफ्लोअरवरच्या जुन्या मशीनवर एक्सेल २००३ आहे, तिथे तीनच रंग येतात. मशीन बदलणं सध्या शक्य नाही.

उत्तर : एक्सेल २००३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत एका सेलला जास्तीत जास्त तीन अटी लावता येतात. २००७पासून हे बंधन गेलं. पण जुन्या मशीनसाठी तुम्ही फाइल .एक्सएलएस प्रकारात सेव्ह करता, तेव्हा नवं एक्सेल कंपॅटिबिलिटी चेकरची खिडकी दाखवतं. बहुतेक जण ती न वाचताच 'कंटिन्यू' दाबतात. जुन्या मशीनवर पहिल्या तीनच अटी दिसतील, हेच त्यात लिहिलेलं असतं. आणखी एक फरक असा, की जुनं एक्सेल पहिली खरी अट सापडली की तिथेच थांबतं. नव्यात दोन नियम एकत्र लागून एकाने पार्श्वभूमी आणि दुसऱ्याने अक्षर रंगवलं असेल, तर जुन्यात त्यातला एकच दिसेल.

बंधन आहे ते सेलमागे, ओळीमागे नाही. वाट इथूनच निघते. सी रकान्यात अवस्थेचा आकडा लिहा, १ ते ६. शेजारचे डी आणि ई रकाने अगदी अरुंद करा, रुंदी २ पुरे. डी२ निवडून फॉरमॅट मेनूतल्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये 'फॉर्म्युला इज' घ्या आणि तीन अटी द्या : =$सी२=१, =$सी२=२, =$सी२=३. ई२ला ४, ५ आणि ६च्या अटी द्या. मग दोन्ही सेल फॉरमॅट पेंटरने खालपर्यंत ओढा. सहा रंग झाले, आणि कुठल्याच सेलवर तीनपेक्षा जास्त अटी नाहीत.

शॉपफ्लोअरसाठी मात्र आम्ही दुसरा मार्ग सुचवू. त्यात कंडिशनल फॉरमॅटिंग लागतच नाही. डी ते आय असे सहा अरुंद रकाने घ्या, प्रत्येकाला एक अवस्था. सहाही रकान्यांचा फॉन्ट विंगडिंग्ज करा आणि प्रत्येकाला कायमचा वेगळा अक्षररंग द्या. चौथ्या अवस्थेच्या रकान्यात सूत्र येईल =इफ($सी२=४,"एन",""). इथे एन म्हणजे इंग्रजीतलं छोटं एन. विंगडिंग्जमध्ये त्याचा भरीव चौकोन होतो. छोट्या एलचा भरीव गोल होतो. या पद्धतीला रंगांची मर्यादा नाही, फाइल कुठल्याही आवृत्तीत तशीच दिसते आणि चौकोन मोजायचे असतील तर साधं काउंटइफ चालतं. शिवाय काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही चौकोन कोणत्या रकान्यात आहे त्यावरून अवस्था कळते. वर्कशॉपमध्ये भिंतीवर लावलेला कागदच जास्त वाचला जातो, त्यामुळे हा फायदा मोठा आहे.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून रंग भरायचा सल्लाही तुम्हाला कुणी देईल. सेल बदलल्यावर चालणारा मॅक्रो रंग भरतो खरा, पण तो चालला की अनडूची यादी पुसली जाते. आणि सूत्रामुळे आकडा बदलला तर तो मॅक्रो जागाच होत नाही. हाताने आकडे भरणाऱ्या माणसाच्या हातून अनडू काढून घेणं आम्हाला पटत नाही.

आणि एक्सेल २००३ला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आहे. ते मशीन इंटरनेटला जोडलेलं ठेवू नका.

प्रश्न : वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटमध्ये आमचा गाळा आहे. कालचा भाव आणि आजचा भाव शेजारी ठेवून वर-खाली बाण हवे होते. आयकॉन सेटमध्ये (आकड्यानुसार सेलमध्ये बाणासारखी चिन्हं दाखवणारी सोय) कालच्या भावाचा सेल दिला की एक्सेल 'रिलेटिव्ह रेफरन्स चालत नाही' म्हणतं. तसेच सोडले तर भाव उतरलेल्या मालालाही हिरवा वरचा बाण येतो.

उत्तर : आयकॉन सेट, डेटा बार आणि कलर स्केल या तिघांची सीमारेषा सगळ्या रेंजसाठी एकदाच ठरते. ओळीगणिक वेगळी सीमा देता येत नाही, म्हणून एक्सेल अडवतं. त्यावर उपाय म्हणजे तुलना आधी रकान्यात करून टाकायची. सीमध्ये कालचा भाव आणि डीमध्ये आजचा असेल, तर ई२मध्ये लिहा =इफ(ऑर(सी२="",डी२=""),"",डी२-सी२). एखादा माल काल आलाच नसेल तर सेल रिकामा दिसतो आणि बाणही येत नाही. आता प्रत्येक ओळीची सीमा एकच झाली : शून्य.

उलट्या बाणाचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तीन बाणांचा सेट लावला की एक्सेल आपणहून ६७ टक्के आणि ३३ टक्के अशा सीमा धरतं, आणि हे टक्के सगळ्यात लहान व सगळ्यात मोठ्या आकड्यामधल्या अंतराचे असतात. समजा, एका दिवशी किलोमागे कांदा १ रुपया उतरला, बटाटा २, आलं ५ आणि लसूण ७. आकडे उणे १ ते उणे ७, म्हणजे अंतर ६. वरची सीमा पडते उणे २.९८वर आणि खालची उणे ५.०२वर. मग कांदा आणि बटाटा हिरव्या बाणात, आलं पिवळ्यात, लसूण लाल. चारही माल उतरलेत आणि दोघांना वरचा बाण! यात एक्सेल चुकलेलं नाही. त्याने सगळ्यांत कोण वर आणि कोण खाली तेवढं सांगितलं, तुम्हाला हवी होती कालशी तुलना.

दुरुस्तीसाठी ई रकाना निवडा आणि होम टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंग, मॅनेज रूल्स, एडिट रूल असे जा. दोन्ही ओळींचा 'टाइप' पर्सेंटवरून नंबर करा. दोन्ही व्हॅल्यू ० लिहा. हिरव्यासमोर 'पेक्षा मोठा' हे चिन्ह घ्या आणि पिवळ्यासमोर 'मोठा किंवा समान'. फक्त बाण हवे असतील तर 'शो आयकॉन ओन्ली'वर खूण करा.

आता भाव चढणं ही घेणाऱ्यासाठी लाल बातमी. लाल रंगाचा वरचा बाण या सेटमध्ये मिळत नाही, आणि 'रिव्हर्स आयकॉन ऑर्डर' दाबलं तर रंगाबरोबर बाणाची दिशाही उलटते. अशा वेळी आयकॉन सेट सोडून द्या. ई रकाना निवडून कंट्रोल-१ दाबा, कस्टममध्ये हा नंबर फॉरमॅट द्या : [रेड]▲ ०;[ग्रीन]▼ ०;"–". पहिला भाग शून्यावरच्या आकड्यांसाठी, दुसरा शून्याखालच्यांसाठी, तिसरा शून्यासाठी. भाव पैशांत बदलत असेल तर ०च्या जागी ०.०० लिहा, नाहीतर ४० पैशांची वाढ '▲ ०' अशी दिसेल. ग्रीनचा हिरवा डोळ्यांना टोचतो. एक्सेलमध्ये त्याऐवजी [कलर१०] लिहिलं तर गडद हिरवा मिळतो. गूगल शीट्समध्ये आयकॉन सेट नाहीतच, तिथेही हाच मार्ग धरा.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत १४४ फ्लॅट आहेत. मेंटेनन्सच्या शीटमध्ये थकबाकीदारांच्या ओळी लाल होतात. हल्ली फाइल फार मंद झाली आहे, मॅनेज रूल्समध्ये साठच्या वर नियम दिसतात, आम्ही तर तीनच केले होते. काही पैसे भरलेले सभासदही लाल दिसतात. आणि लाल ओळींची एकूण रक्कम कमिटीला सांगायची असते, ती हातानेच करावी लागते.

उत्तर : तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

नियम वाढतात ते कॉपी-पेस्टमुळे. सेल कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की त्याच्यासोबत त्याचा नियमही येतो आणि मूळ रेंजचे तुकडे पडतात. कट-पेस्टने आणि सेल माउसने ओढून हलवल्यानेही तेच होतं. एक्सेल हे नियम पडदा नव्याने रंगवताना पुन्हा पुन्हा तपासतं, म्हणून फाइल रखडते. साठ तुकडे एकेक करून जोडत बसू नका. आधी फाइलची प्रत ठेवा, तिन्ही नियमांची सूत्रं उतरवून घ्या. मग क्लिअर रूल्समधून 'क्लिअर रूल्स फ्रॉम एंटायर शीट' करा आणि नियम नव्याने लावा.

लावण्याआधी जी रकान्यात 'स्थिती' तयार करा. ईमध्ये देय तारीख आणि एफमध्ये बाकी धरून जी२मध्ये लिहा :

=इफ(एफ२="","",इफ(एफ२<=०,"भरले",इफ(टुडे()-ई२>९०,"जुनी थकबाकी",इफ(टुडे()-ई२>३०,"थकबाकी","मुदतीत"))))

दिवसांचे आकडे तुमच्या सोसायटीच्या ठरावाप्रमाणे बदला. सूत्र जी१४५पर्यंत ओढा. आता ए२वर क्लिक करून तिथून जी१४५पर्यंत निवडा. निवड वरून खालीच करा, कारण नियमातलं सूत्र चालू सेलच्या हिशेबाने धरलं जातं. पूर्ण रकाना निवडून सूत्रात ओळ २ लिहिली तर रंग एक ओळ वर सरकतो. 'रंग शेजाऱ्याला लागला' अशा तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. न्यू रूलमधला शेवटचा, सूत्राचा पर्याय घ्या आणि लिहा =$जी२="थकबाकी". दुसरा नियम =$जी२="जुनी थकबाकी". डॉलरचं चिन्ह जीच्या आधी हवं, २च्या आधी नको. त्या चौकटीत चूक सुधारायला बाणाची कळ दाबली की भलताच सेलचा पत्ता घुसतो. आधी एफ२ ही कळ दाबा, मग बाण सूत्राच्या आत फिरतात.

यापुढे बाहेरून आकडे आणताना कंट्रोल-ऑल्ट-व्ही, मग व्ही, मग एंटर. म्हणजे फक्त आकडा चिकटतो, नियम येत नाही. कमिटीतल्या प्रत्येकाला हे एकदा करून दाखवा. एकाने साधं पेस्ट केलं तरी तुकडे पडायला सुरुवात होते.

भरलेले सभासद लाल दिसतात कारण त्यांच्या बाकीतलं शून्य हा आकडा नसून मजकूर आहे. एक्सेलच्या तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. त्यामुळे मजकुरातलं "०" शून्यापेक्षा मोठं ठरतं आणि माणूस थकबाकीदार होतो. असे आकडे सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले असतात, कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोणही दिसतो. एफ रकाना निवडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि लगेच फिनिश दाबा. एवढ्याने सुधारलं नाही तर वेबपानावरून कॉपी करताना आलेली न दिसणारी मोकळी जागा आत आहे. रिकाम्या रकान्यात =सबस्टिट्यूट(एफ२,कॅर(१६०),"")*१ लिहा, खालपर्यंत ओढा आणि आलेले आकडे एफवर व्हॅल्यू म्हणून चिकटवा.

राहिली बेरीज. नियमाने आलेला रंग मोजणारं फंक्शन एक्सेलमध्ये नाही. मॅक्रोमध्ये एक्सेल २०१०पासून डिस्प्लेफॉरमॅट नावाने तो रंग वाचता येतो, पण सेलमध्ये लिहायच्या घरगुती फंक्शनमध्ये ते चालत नाही. आता स्थितीचा रकाना असल्यामुळे रंग मोजायची गरजही उरली नाही. किती जण ते =काउंटइफ(जी२:जी१४५,"थकबाकी") सांगेल आणि किती रुपये ते =समइफ(जी२:जी१४५,"थकबाकी",एफ२:एफ१४५). हीच दोन सूत्रं "जुनी थकबाकी"साठीही लिहा. हाताने केलेली बेरीज आणि समइफ जुळत नसेल तर कुठेतरी अजून मजकुरातला आकडा शिल्लक आहे, समइफ त्याला मोजत नाही.

प्रश्न : कळंबोलीत आमचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. विमा संपलेल्या गाड्यांची यादी वेगळ्या शीटवर असते. रोजच्या ट्रिपशीटमध्ये ती गाडी आली की सेल रंगवायचा आहे. एका माणसाच्या एक्सेलमध्ये जमतं, दुसऱ्याच्या गूगल शीट्समध्ये नाही.

उत्तर : एक्सेल २००७मध्ये नियमातून दुसऱ्या शीटचा पत्ता देता येत नव्हता, २०१०पासून येतो. वेगळ्या फाइलचा पत्ता मात्र अजूनही चालत नाही. ती यादी याच फाइलमध्ये एका शीटवर आणा. गूगल शीट्समध्ये दुसऱ्या शीटचा पत्ता इनडायरेक्ट या फंक्शनमध्ये गुंडाळावा लागतो : =काउंटइफ(इनडायरेक्ट("विमा!ए:ए"),$बी२)>०. अवतरणातला पत्ता हा नुसता मजकूर असतो. उद्या कुणी 'विमा' शीटचं नाव बदललं तर सूत्र स्वतःहून सुधारणार नाही आणि रंग गुपचूप बंद होतील. विम्यासारख्या गोष्टीत हे महागात पडेल, म्हणून यादीच्या तळाशी एक खोटा गाडी नंबर ठेवा आणि तोच ट्रिपशीटच्या पहिल्या ओळीत कायम लिहून ठेवा. ती ओळ रंगलेली दिसते तोवर नियम चालू आहे.

प्रश्न : नियमाने अक्षरांचा आकार मोठा करता येतो का? ऐरोलीहून विचारत आहे.

उत्तर : नाही. फॉन्ट, अक्षराचा आकार आणि जाड चौकट नियमातून बदलत नाहीत. ठळक, तिरपं, रंग, पार्श्वभूमी, बारीक चौकट आणि २००७पासून नंबर फॉरमॅट अशा गोष्टी मिळतात. लक्ष वेधायचंच असेल तर नियमाच्या नंबर फॉरमॅटमध्ये "►► "० असं द्या.

प्रश्न : आमच्या संस्थेत १६ अंकी बँक खाते क्रमांकांची यादी आहे. दुबार क्रमांक रंगवायला काउंटइफ वापरलं, तर वेगवेगळे क्रमांकही दुबार म्हणून रंगतात. (कोपरखैरणे)

उत्तर : काउंटइफ आकड्यांसारखा दिसणारा मजकूर आकडा म्हणून धरतं आणि एक्सेलचे आकडे १५ अंकांपर्यंतच अचूक असतात. त्यामुळे फक्त सोळावा अंक वेगळा असलेली दोन खाती त्याला एकच वाटतात. नियमात हे सूत्र द्या : =समप्रॉडक्ट(--($सी$२:$सी$५००=$सी२))>१. रेंजमध्ये रिकामे सेल असतील तर ते रंगू नयेत म्हणून =अँड($सी२<>"",समप्रॉडक्ट(--($सी$२:$सी$५००=$सी२))>१) असं लिहा. हे सूत्र अक्षर-अक्षर जुळवतं. मात्र रकाना क्रमांक भरण्याआधीपासूनच टेक्स्ट असायला हवा. साध्या सेलमध्ये १६ अंक टाइप केले असतील तर शेवटचा अंक एंटर दाबताच शून्य झाला आहे, आणि नंतर रकाना टेक्स्ट केल्याने तो परत येत नाही. शून्यावर संपणारे सगळे क्रमांक पासबुकाशी पुन्हा ताडून पाहा.