किती जणांवर केलं होतं, ते आधी विचार

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि त्याचं उत्तर फोनवर दोन ओळीत देण्यासारखं नाहीये म्हणून बसून लिहितेय. इंदूरमधेच भंवरकुआंला हॉस्टेलवर गेल्यापासून तू रोज १०,००० पावलं मोजतेस, स्क्रीनच्या निळ्या प्रकाशानं झोप बिघडू नये म्हणून चष्मा मागवलास, मॉक इंटरव्यूच्या आधी बाथरूममधे कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभी राहतेस, आणि हे सगळं 'संशोधनात सिद्ध झालंय' म्हणून. स्वतःची काळजी घेतेयस ह्याचा मला खरंच आनंद आहे. फक्त माझं सगळं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमधे गेलंय ना, त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तो कुठून आला, कोणाचा आहे, कशाशी तुलना करून काढलाय हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि तुलाही ती सवय लागावी असं फार वाटतं.

पावलांपासूनच सुरू करू. १०,००० हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाहीये. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, तिथं चालण्या-पळण्याची हवा होती, आणि १९६५ ला एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढून ते दहा हजार पावलांच्या नावानं विकलं, तोच आकडा आज तुझ्या घड्याळात येऊन बसलाय. खरी मोजणी पुष्कळ नंतर झाली. २०१९ मधे अमेरिकेत सुमारे १७,००० बायकांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमधे पुढच्या चारेक वर्षात मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा जवळपास वाढलाच नाही. आता हे आकडे तुझ्या वयाच्या मुलीचे नाहीत हे लक्षात ठेव, पण ९,००० वर घड्याळ थांबलं म्हणून रात्री अकराला हॉस्टेलच्या गच्चीवर येरझाऱ्या घालायची गरज नाही एवढं तर नक्की कळतं. आजीला मात्र हे जरूर सांग, तिला रामबागेतल्या रामबागेत दोन फेऱ्या जास्त मारल्या तरी कामाच्या आहेत.

चालण्यावरून मला जेरी मॉरिस ह्या ब्रिटिश डॉक्टरांची गोष्ट सांगायचीच आहे कारण माझ्या मते विज्ञान कसं करावं ते त्यात दिसतं. १९५३ मधे त्यांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर घेतले. दोघं एकाच बसमधे, पण एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दिवसभर जिना चढतोय उतरतोय. हृदयविकार ड्रायव्हरांमधे जास्त निघाला. टपाल खात्यात बघितलं तर तिथंही पोस्टमनपेक्षा बसून काम करणाऱ्या कारकुनांमधे जास्त. झालं की सिद्ध, व्यायामानं हृदय वाचतं! दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता, पण मॉरिसनी काय केलं, तर ह्या लोकांच्या युनिफॉर्मच्या मापांची नोंद मागवली, आणि १९५६ मधे छापून सांगितलं की ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर आधीपासूनच मोठा आहे, अगदी तरुण ड्रायव्हरांचासुद्धा. म्हणजे जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर सगळा फरक जिन्याचा कसा म्हणायचा? स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेतली आणि मग पुढची कित्येक वर्षं त्याच प्रश्नावर काम करत राहिले. व्यायामाचा फायदा पुढे पक्का ठरला तो ह्या अशा खोदून बघण्यामुळे. कुठलंही 'हे करणाऱ्यांना ते होत नाही' वाचलंस ना, की पँटचं माप आठव, ती माणसं आधीपासूनच वेगळी होती का ते बघ.

आता बाथरूममधलं उभं राहणं. तो अभ्यास २०१० चा, फक्त ४२ जणांवर केलेला, त्यात म्हटलं होतं की अशी ऐटीत पोझ घेतली की हार्मोन बदलतात. २०१५ मधे दुसऱ्यांनी २०० जणांवर करून बघितलं तर हार्मोनमधे काही फरक नाही, लोकांना जरा दमदार वाटलं इतकंच. आणि २०१६ मधे मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनं, डेना कार्नी ह्यांनी, जाहीर लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. केवढी हिंमत लागते त्याला! तुला बरं वाटत असेल तर उभी राहा बापडी, पण त्या भरवशावर तयारी कमी करू नकोस.

तुझ्या रूममेटच्या डार्क चॉकलेट डाएटचं पण सांगते. २०१५ मधे जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं मुद्दाम एक अभ्यास रचला, माणसं १५, काळ तीन आठवडे, आणि प्रत्येकाच्या १८ गोष्टी मोजल्या, वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. इतक्या गोष्टी मोजल्या की निव्वळ योगायोगानं एखादीत फरक दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास जाते, गणित तू स्वतः करून बघ, एका गोष्टीत योगायोगानं फरक न दिसण्याची शक्यता ०.९५ धरतात, त्याचा अठरावा घात काढ आणि १ मधून वजा कर. (त्या १८ गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरलं तर.) त्याला वजनात फरक सापडला, एका जर्नलनं छापला आणि 'चॉकलेटनं वजन उतरतं' ही बातमी जगभर झाली, मग त्यानं स्वतःच सगळं उघड केलं.

चष्म्यावरचे पैसे वाचले असते. २०१५ चाच एक अभ्यास आहे, त्यात १२ जणांना अंधुक खोलीत रोज चार-चार तास पूर्ण ब्राइटनेसच्या स्क्रीनवर पुस्तक वाचायला लावलं, तर कागदी पुस्तकापेक्षा झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली. दहा मिनिटं! तू दीड वाजेपर्यंत रील बघतेस त्यात निळ्या प्रकाशाचा दोष किती आणि रीलचा किती ते तूच ठरव.

आणि झोपेबद्दल जरा ठासून बोलते कारण तू लिहिलंयस 'मावशी मला सहा तास पुरतात'. २००३ मधे ४८ निरोगी माणसांवर लॅबमधे प्रयोग झाला, कोणाला आठ तास, कोणाला सहा, कोणाला चार, असं सलग १४ दिवस, आणि काहींना तीन दिवस अजिबात झोपू दिलं नाही. सहा तासवाले रोज थोडे थोडे घसरत दोन आठवड्यात रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या पातळीला आले, पण त्यांना विचारलं तर म्हणे थोडीशीच झोप येतेय, ठीक आहोत. म्हणजे झोप कमी पडतेय हे ज्यानं कळायचं तेच थकलेलं. तुझं 'पुरतात' मी म्हणूनच ग्राह्य धरत नाहीये. परीक्षा होईपर्यंत साडेसात तास झोप, हे मी तुला हक्कानं सांगतेय.

अभ्यासाचे तास कमी पडतील म्हणशील तर त्याला उपाय आहे. २००६ मधे रोडिगर आणि कार्पिकी ह्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक बंद करून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानं घेतली तर उलटं, वाचणारे ४२ वर आणि लिहून काढणारे ५६ वर. म्हणून वाचून-वाचून येतंय असं वाटतं ते त्या पाच मिनिटांचं वाटणं असतं. तुझ्या त्या रंगीत हायलाइटरच्या नोट्स बाजूला ठेव, कोऱ्या कागदावर लिही, अडलं की चीड येईल, येऊ दे. हे नंतर अनेकांनी वेगवेगळ्या प्रकारे करून बघितलंय आणि टिकलंय.

मग लहान अभ्यास सगळे फेकून द्यायचे का? नाही गं. २०१३ मधे साठीपुढच्या फक्त दहा जणांवर बघितलं की प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चाललं तर रात्रीच्या जेवणानंतरची साखर कमी चढते. २०१५ मधे डायबिटीसच्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमानं दिलं, भाजी आणि प्रोटीन आधी खाल्लं आणि ब्रेड-ज्यूस शेवटी घेतला तेव्हा अर्ध्या तासानंतरची साखर २९ टक्क्यांनी कमी. दहा आणि अकरा म्हणजे अगदीच मूठभर, पण स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात हे आधीपासून माहीत आहे आणि चुकलंच तर आपलं जातंय काय? काही नाही. आपल्याकडे शतपावली होतीच, फक्त शंभरावर थांबू नकोस. सराफ्यात गराडू आणि जलेबी खाल्ल्यावर राजवाड्यापर्यंत चालत जा, गाडी तिथंच लाव. चष्मा, सप्लिमेंट, महागडं अॅप असलं काही असेल तेव्हा मात्र मी शेकड्यांनी माणसं आणि दोन-तीन वेगळ्या टीमचे निकाल मागते.

आता जे खरं सांगायचं म्हणून लिहायला बसले ते. परवा पलासियाला तू मला स्कूटीवर दिसलीस, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, फोन स्कार्फमधे कानाशी खोचलेला, आणि बोलणं चालू. घरी बोलले तर तुझं उत्तर आलं की हात तर मोकळे असतात ना. बेटा, १९९७ मधे टोरांटोत ६९९ ड्रायव्हरांचं फोनचं बिल आणि अपघाताची वेळ जुळवून बघितली, आणि तुलना दुसऱ्या कोणाशी नाही तर त्याच माणसाच्या आदल्या दिवसाच्या त्याच वेळेशी, म्हणजे पँटच्या मापाचा प्रश्नच उरला नाही. फोनवर असताना अपघाताचा धोका चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा काही फायदा दिसला नाही, कारण अडकलेलं असतं ते लक्ष, हात नाही. समोरून येणारी ई-रिक्षा डोळ्यांना दिसते आणि तरी दिसत नाही. तेव्हा गाडीवर असताना फोन बॅगेत, चेन लावून. आईचा आला तरी नाही, माझा आला तरी नाही, आम्ही वाट बघू, तू पोचलीस की कर.

तुझी,
मावशी