येवगेनी बाउएरच्या मूकपटांत नेमकं काय बघायचं?

‘आइझेनस्टाइनच्या आधीचा रशियन सिनेमा म्हणजे कॅमेऱ्यासमोर केलेलं नाटकच ना?’ असं तुम्ही विचारलंय. (आइझेनस्टाइन म्हणजे १९२०च्या दशकात गाजलेला सोव्हिएत दिग्दर्शक.) बाउएरची दोन दृश्यं नीट बघा, हा समज टिकणार नाही.

बाउएर मूळचा नेपथ्यकार. पन्नाशीला टेकल्यावर, १९१३ मध्ये दिग्दर्शनात आला आणि १९१७ च्या उन्हाळ्यात क्राइमियात न्यूमोनियानं गेला. तेवढ्यात ऐंशीच्या आसपास चित्रपट. उरलेत फार थोडे.

त्याची सगळी करामत चौकटीच्या खोलीत, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या थरांत आहे. पुढे एखादा खांब किंवा कुंडी, मधल्या थरात माणूस, त्यामागे पडदा, जिना आणि मागून येणारा उजेड. ‘ट्वायलाइट ऑफ अ वुमन्स सोल’मध्ये (१९१३) नायिका तिच्या खोलीत झिरझिरीत पडद्यापलीकडे दिसते. संवादपाटी नसतानाही तिचं एकटेपण कळतं, कारण आपल्यात आणि तिच्यात ते कापड आहे. (खांबांचा सोस मात्र कधीकधी अती होतो.)

कॅमेराही एका जागी खिळलेला नसतो. ‘आफ्टर डेथ’मध्ये (१९१५) बुजरा आंद्रेई मेजवानीत शिरतो, ओळखी होत राहतात आणि कॅमेरा न तुटता त्याच्यासोबत सरकतो. कट नसल्यामुळे त्याला तिथून सुटका नाही, आणि आपल्यालाही.

बघताना घोळ होतो तो वेगाचा. सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम) चालवायची फिल्म २४ नं चालवली, तर तासाभराचा चित्रपट ४० मिनिटांत उरकतो. मग जाणूनबुजून संथ ठेवलेला अभिनय माकडचेष्टा वाटतो. माणसं दुडूदुडू चालताना दिसली तर प्लेअरचा वेग ०.७५ वर आणा. काही प्रतींत मूळ पाट्याच नाहीत, म्हणून कथासार आधी वाचा. ‘आफ्टर डेथ’साठी तो जिच्यावर बेतलाय ती तुर्गेनेव्हची ‘क्लारा मिलिच’ ही कथा वाचली तरी भागेल.

वारशाची गंमत अशी की मोंटाजचा, म्हणजे तुकडे जोडून अर्थ घडवणाऱ्या संकलनाचा, पहिला मोठा सिद्धांतकार लेव्ह कुलेशोव्ह हा बाउएरचाच नेपथ्यकार. गुरूच्या ‘टू हॅपिनेस’मध्ये (१९१७) त्यानं कामही केलंय. सोव्हिएत काळात हे चित्रपट बूर्झ्वा म्हणून अडगळीत पडले. १९८९ मध्ये इटलीतल्या पोर्देनोने महोत्सवात क्रांतिपूर्व रशियन चित्रपट दाखवले गेले, तेव्हा कुठे बाहेरच्या जगानं बाउएरकडे नीट पाहिलं.

सुरुवात ‘चाइल्ड ऑफ द बिग सिटी’पासून (१९१४) करा. शेवटी पायऱ्यांवर पडलेलं प्रेत ओलांडून नायिका मेरी मजा करायला निघून जाते, तिथे तिच्या पायांकडे लक्ष ठेवा.