गुडघा बदलल्यापासून आई सारखी रडते, व्यायाम टाळते. तिला कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, टाके सुकलेत, एक्स-रे चांगला आलाय. तरी त्या संध्याकाळ झाली की रडतात, व्यायामाला 'उद्या बघू' म्हणतात, आणि 'उगाच केलं मी हे' हे पालुपद चालूच असतं. घरातले सगळे समजावून थकले आहेत.

मी ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. नौपाडा, चरईतल्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रोडच्या टॉवरपर्यंत माझे पेशंट आहेत आणि त्यातले बरेचसे गुडघ्याचेच. तुमच्या आईंसारख्या आई मला फार घरांत भेटतात. म्हणून आधी एकच विनंती करते: थोडे दिवस समजावणं बंद ठेवा. त्यांना नक्की कशाची भीती वाटते, हे कुणी शांतपणे बसून विचारलंय का, ते बघा.

हा काळच वाईट असतो. हॉस्पिटलात नर्स असते, भेटायला माणसं येतात, पहिले एक-दोन दिवस भुलीचा आणि इंजेक्शनांचा आधार असतो. घरी आल्यावर आठवड्याभरात ती वर्दळ ओसरते, मुलं कामाला लागतात. सूज मात्र तशीच, गुडघा हाताला गरम लागतो, रात्री ठणका वाढतो. सूज आणि गरमपणा काही महिने राहू शकतो, यात काही बिघडलेलं नसतं. पण जिला रात्र रात्र झोप नाही, तिला 'एक्स-रे मस्त आहे' हे ऐकताना वाटतं की आपलं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव मानला आहे. झोप गेली, भीती बसली, की तोच गुडघा जास्त दुखतो. हे मनाचे खेळ नाहीत, शरीर चालतंच तसं.

चरईत एक काकू होत्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघा वाकवायला घेतला की दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायच्या. मी घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. दार लोटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आतून कट् कट् वाजतं गं. निसटलं तर नसेल ना?" आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवून म्हणाल्या, "इथं हात लावलेला कळतच नाही. शीर कापली बहुतेक." मी त्यांना सांगितलं की धातूचा आणि प्लॅस्टिकचा भाग एकमेकांवर टेकतो तेव्हा असा आवाज येऊ शकतो. आणि चीर देताना कातडीच्या बारीक नसा तुटतात, म्हणून तेवढा पट्टा बधिर होतो. महिन्यांनी तो लहान होत जातो, थोडा राहिला तरी चालण्याला धोका नाही. मग टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली, म्हणजे चादरीवरून टाच सरकते, आणि मी हात मागे घेतला. म्हटलं, तुम्हीच सरकवा, जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा. त्या दिवशी गुडघा फार वाकला नाही. पण काकूंनी हात सोडले.

माझ्या मते गुडघ्यापेक्षा जास्त बोचतं ते दुसऱ्यावर अवलंबून राहणं. जिने आयुष्यभर घर चालवलं, तिला रात्री संडासला जायला सुनेला उठवावं लागतं. याबद्दल आई स्वतःहून बोलणार नाहीत. कमोडवर उंच सीट, भिंतीला दांडा, वॉकर हाताशी आणि रात्रभर एक छोटा दिवा एवढी सोय करा. त्यांना एकट्याने जायला हरकत नाही, हे मात्र तुमच्या फिजिओकडून एकदा तपासून घ्या. व्यायामाची वेळ त्यांनाच ठरवू दे. हातांच्या उंच खुर्चीत बसून भाजी निवडायची असेल तर निवडू दे.

गोळ्यांचं बघा. आपल्याकडे बायका 'सोसवेल तेवढं सोसायचं' म्हणून पाकीट उशीखाली ठेवतात आणि असह्य झालं की घेतात. तोवर दुखणं इतकं चढलेलं असतं की गोळी पुरी पडत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला गोळी द्या, आणि व्यायाम त्यानंतर अर्ध्या-एक तासाने ठेवा. दोन वेगवेगळ्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असू शकतं, डोस दुप्पट होऊ नये म्हणून ते केमिस्टला दाखवून घ्या. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची जोरदार गोळी चालू असेल तर मळमळ, गरगरणं, पोट साफ न होणं यानेही माणूस हैराण होतो. आणि आई आधीपासून नैराश्याची गोळी घेत असतील तर ते सर्जनना सांगाच, काही औषधं ट्रॅमाडॉलबरोबर चालत नाहीत. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, त्याचाही थकवा असतो. एकदा तपासून घ्या.

एक सवय मात्र मी मोडायला लावते. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची. त्याने पाय सरळ होईनासा होतो. उशी घोट्याखाली ठेवा.

पलंग आतल्या खोलीत असेल तर हॉलमध्ये, खिडकीशी हलवा. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नोंदींचा अभ्यास मांडला होता. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. ठाण्यात सगळ्यांच्या खिडकीत झाड नसतं, पण रस्ता, समोरची गॅलरी, दिवसाचा उजेड तरी असतो. आणि 'आमच्या जावेचा गुडघा काही बसलाच नाही बाई' असं सांगणाऱ्या पाहुण्यांना दारातच थांबवा, मी हे अगदी मनापासून सांगते.

काही गोष्टींत थांबायचं नाही. पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, जखमेतून पाणी आलं, किंवा आई अचानक असंबद्ध बोलू लागल्या, माणसं ओळखेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर. दम आणि छातीदुखीला तर सरळ हॉस्पिटल गाठा.

उदासी सलग दोन आठवडे हटली नाही, जेवणात, नातवंडांत, कशातच मन लागेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'जगून काय करू' असं बोलू लागल्या तर दोन आठवडेही थांबू नका. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता पुढच्या तपासणीला जाल तेव्हा एक करा. आदल्या रात्री आईंच्या मनातले प्रश्न त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा, अगदी 'कट् कट् का वाजतं' इथपासून. आत गेल्यावर तो कागद त्यांच्या हातात द्या आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या.