ऑस्ट्रेलियाचं हाय कोर्ट म्हणजे 'उच्च न्यायालय' का?

प्रश्न असा आलाय की ऑस्ट्रेलियात केंद्र सरकार आणि एखाद्या राज्याचं भांडण हाय कोर्टात गेलं तर मराठीत 'उच्च न्यायालय' लिहायचं का. नुसतं तसं लिहू नका असं माझं स्पष्ट मत, कारण आपला वाचक लगेच धरून चालतो की आता प्रकरण सुप्रीम कोर्टात जाणार, आणि तिथे हाय कोर्टाच्या वर काही नाहीच. सुप्रीम कोर्टं तिथे राज्यांची असतात, न्यू साउथ वेल्सचं वेगळं, व्हिक्टोरियाचं वेगळं. आपल्याकडे घटनेच्या कलम १३१ ने केंद्र-राज्यांचे जे वाद थेट सुप्रीम कोर्टात जातात ते तिथे त्यांच्या घटनेच्या कलम ७५ ने थेट हाय कोर्टात. म्हणून 'हाय कोर्ट' तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'हे तिथलं सर्वोच्च न्यायालय' एवढं जोडा.

'कॉमनवेल्थ'चंही तसंच, या बातम्यांत तो शब्द म्हणजे तिथलं केंद्र सरकार, राष्ट्रकुल नव्हे.

पण मला जास्त खटकतो तो 'रद्द'. कोर्टाने राज्याचा कायदा रद्द केला असं सर्रास लिहितात. तिथल्या घटनेचं कलम १०९ म्हणतं की राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर विसंगती आहे तेवढ्यापुरता केंद्राचा चालेल, आणि उद्या केंद्राने आपला कायदा मागे घेतला तर राज्याचा परत लागू होतो, म्हणजे तो मेलेला नसतोच, म्हणून इथे 'निष्प्रभ' हवा. आता केंद्राचा कायदा मुळात त्याच्या अधिकारात बसतो का हे कोर्ट आधी बघतं, आणि खरी लढाई बहुतेक वेळा तिथेच होते. टास्मानियाला फ्रँकलिन नदीच्या भागात धरण बांधायचं होतं, केंद्राने जागतिक वारशाच्या कराराचा आधार घेऊन कायदा करून ते अडवलं, राज्य म्हणालं जमीन आमची, नदी आमची. १९८३ मध्ये ४ विरुद्ध ३ असा निकाल केंद्राच्या बाजूने लागला कारण परराष्ट्र व्यवहाराचा अधिकार केंद्राकडे आहे आणि करार पाळणं त्यात येतं असं बहुमताने मानलं. धरण झालं नाही. इथे 'केंद्राचा कायदा वैध ठरला' असं लिहावं, आणि केंद्राचाच कायदा अधिकाराबाहेर गेला तर 'अवैध', तिथे निष्प्रभ चालणार नाही.