पणजोबा खरंच तिकडे राहिले का?

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत. फोटो नाही, पत्र नाही. घरात दोनच वस्तू आहेत. एक चांदीचं मेडल. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, पैकी ‘११७ मराठाज’ एवढं लागतं. दुसरी बशीएवढी पितळी चकती. तिच्यावर सिंह, हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि पणजोबांचं नाव आहे. गावात पूर्वापार बोललं जातं, की त्यांनी तिकडेच दुसरा संसार थाटला. पणजी मात्र शेवटपर्यंत कुंकू लावायची. तिच्या हाताखाली वाढलेली माझी आत्या आता थकली आहे. खरं काय ते कळेल का? आणि माझा मुलगा विचारतो, इंग्रजांसाठी लढलेल्या माणसाची आठवण आपण कशाला ठेवायची?
— एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : ताई, आधी चकतीचं सांगतो, कारण निकाल तिच्यातच आहे. ती पितळेची नाही, काशाची आहे. ती फक्त त्या युद्धात मेलेल्यांच्या वारसांना मिळाली. जिवंत परतलेल्याला मेडल मिळालं, चकती नाही, आणि पलटण सोडून पळालेल्याला तर मेडलही मिळत नसे. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. जनरल आणि शिपाई दोघांना सारखीच. तेव्हा दुसऱ्या संसाराची गोष्ट आजपासून बंद. पुन्हा कुणी काढली तर त्याच्यापुढे चकती ठेवा. मी पलटणीत आयुष्य काढलं आहे; मेलेल्या जवानाबद्दल असलं बोलणं मला ऐकवत नाही.

आता ११७ मराठा. ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती इराकच्या किनाऱ्यावर फाव या ठिकाणी उतरली, एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबा इथे लढली आणि टायग्रिस नदीच्या कडेकडेने वर सरकत बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपर्यंत पोचली. नोव्हेंबर १९१५ मध्ये तिथे फौजेची फार मोठी हानी झाली आणि सगळे मागे हटून कुत-अल-अमारा या नदीकाठच्या गावात अडकले. तेव्हा इराकवर राज्य करणाऱ्या तुर्कांनी कुतला वेढा घातला तो ७ डिसेंबर १९१५ ला, आणि २९ एप्रिल १९१६ ला आत उरलेल्या सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. आपल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. आपल्या कित्येक शिपायांनी धर्मापोटी ते मांस फार उशिरापर्यंत तोंडात घातलं नाही. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, उभं राहवेना. स्कर्व्ही म्हणतात तो रोग. त्याच अवस्थेत त्यांना कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐन (आजच्या सीरियात) इथे रेल्वेच्या कामाला जुंपलं. कित्येकांच्या मरणाची तारीखदेखील नीट लागलेली नाही. तुमच्या पणजीने कुंकू पुसलं नाही, यात तिचं काय चुकलं? देह तिला कुणी दाखवला होता?

म्हणून मरणाची तारीख शोधा. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. मेडलच्या कडेवर नावाआधी जो आकडा आहे, तो त्यांचा पलटणीतला नंबर. नावापेक्षा त्यावर भिस्त ठेवा, कारण साहेबांच्या कारकुनांनी आपली नावं कानाला येतील तशी लिहिली. पवारचं ‘पोवार’ होतं, कधी आडनावच गळतं. पुष्कळदा खाली बापाचं नाव, गाव, तालुका असतो. त्यावरून खात्री करा. तारीख नोव्हेंबर १९१५ च्या शेवटची असेल तर टेसिफॉन किंवा तिथून माघारीची वाट, वेढ्याच्या महिन्यांतली असेल तर बहुधा कुत, आणि एप्रिल १९१६ नंतरची असेल तर बहुतेक कैदेत गेले असं समजा.

नोंदीत ‘बसरा मेमोरियल’ दिसलं तर तिथे कबर आहे असं समजू नका. ज्यांची कबर सापडली नाही त्यांचं ते स्मारक आहे. आणि तिथे आपल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. नावं राहिली कागदी यादीत. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. मला ती फार उशिरा मागितलेली वाटते.

मुलाला हे सगळं सांगा. शिपायाला तेव्हा महिन्याला अकरा रुपये पगार होता. पाटणच्या डोंगरउतारावर नाचणी-वरीवर घर चालत नव्हतं, म्हणून माणूस भरती झाला. साम्राज्य कुणाचं, लढाई कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. इंग्रजांच्या राज्याचा राग जरूर यावा, मलाही येतो. पण त्या राज्याने ज्याला दगडावर संख्येत मोजलं, त्याला खापरपणतूनेही नावानिशी ओळखू नये, हे मला पटत नाही. तुमच्या भागात कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, इतके कामी आले. तिथेही नावं नाहीत. तुमच्या गावात पाटी असेल तर मुलाला तिच्यापुढे उभं करा. त्या आकड्यातला एक तरी कोण, हे त्याला ठाऊक असेल.

मेडल पितांबरी किंवा चिंच लावून घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. मोबाइलचा उजेड तिरका धरला की वाचता येतात. चांदीच्या भावाने मागायला कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा.

आणि या सगळ्याच्या आधी आत्याकडे जा. पणजी काय काय सांगायची, पेन्शन यायची का, कुठून यायची, चकती घरी कुणी आणून दिली, हे तिच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. नंबर मिळाला की मला कळवा, पुढचं आपण मिळून शोधू.