डिस्टसीसीच्या सर्व्हरवर दुसऱ्या मशीनला परवानगी कशी द्यायची?

तुमची अडचण अशी: उबंटूच्या डेस्कटॉपवर डिस्टसीसी (प्रोग्राम कंपाइल करण्याचं काम नेटवर्कवरच्या इतर मशीनांना वाटून देणारं साधन) बसवलं, लॅपटॉपवरून बिल्ड चालवता, बिल्ड पूर्णही होतं, पण डेस्कटॉपचा सीपीयू ढिम्म. मग परवानगीच्या जागी ०.०.०.०/०, म्हणजे 'कोणीही या', लिहून मोकळं व्हावं का?

अजिबात नको. कारण सांगतोच, आधी काम चालू करू.

डेबियन-उबंटूत डिस्टसीसी मुळातच दार लावून येतं. 'एटसी'मधल्या 'डीफॉल्ट' फोल्डरात 'डिस्टसीसी' नावाची फाइल आहे. तिच्यात 'अलाउडनेट्स' आणि 'लिसनर' या दोन्ही ओळींत १२७.०.०.१ असतं, म्हणजे मशीन फक्त स्वतःशीच बोलणार. बहुतेक जण पहिली ओळ बदलतात आणि दुसरी विसरतात. अलाउडनेट्समध्ये कोणी यायचं ते लिहायचं, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४ (१९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते) किंवा नुसत्या लॅपटॉपचा पत्ता. एकाहून जास्त असतील तर मध्ये स्पेस. लिसनर म्हणजे सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकायचं, म्हणून तिथे मात्र डेस्कटॉपचा स्वतःचा पत्ता, लॅपटॉपचा नव्हे. फायरवॉल असेल तर टीसीपी पोर्ट ३६३२ त्याच नेटवर्कपुरता उघडा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

तरीही डेस्कटॉप हलला नाही, तर त्याचा लॉग उघडा. 'डिनाइड बाय अ‍ॅक्सेस लिस्ट' दिसलं तर निरोप पोचतोय, यादी चुकलीय. काहीच नोंद नसेल तर लिसनर किंवा फायरवॉल. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर होता, त्याचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत होता आणि यादीत मी १९२.१६८.१ लिहून बसलो होतो! सर्व्हर नाही म्हणाला की डिस्टसीसी गुपचूप लॅपटॉपवरच कंपाइल करतं, इशारा ढीगभर ओळींत वाहून जातो. तपासताना 'डिस्टसीसी फॉलबॅक' हे व्हेरिएबल ० करा, म्हणजे बिल्ड तिथेच अडेल.

आता ०.०.०.०/०. साध्या टीसीपीवर डिस्टसीसी ना पासवर्ड विचारतं ना चावी. जो पोर्टपर्यंत पोचला, तो त्या मशीनवर डिस्टसीसीच्या युजरच्या नावाने हवी ती आज्ञा चालवू शकतो. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीतली सीव्हीई-२००४-२६८७ ही नोंद हीच आहे. मेटास्प्लॉइट या हल्ले करून पाहण्याच्या साधनात त्यासाठी तयार मॉड्यूल मिळतं, आणि हल्ल्यांच्या सरावासाठी बनवलेल्या मेटास्प्लॉइटेबल २ मध्ये हा पोर्ट मुद्दाम उघडा ठेवलाय. डिस्टसीसीच्या ३.३ आवृत्तीपासून ठरावीक कंपायलरच चालवू देतात, पण त्या भरवशावर पोर्ट जगाला उघडा टाकू नका.

ऑफिस किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कवर असाल तर एसएसएच (ओळख तपासून होणारी सुरक्षित जोडणी) वापरा: लॅपटॉपवरच्या होस्टांच्या यादीत सर्व्हरच्या नावाआधी @ लावायचा. थोडं हळू चालतं, पण ३६३२ उघडावाच लागत नाही. आणि हो, दोन्हीकडे जीसीसी या कंपायलरची आवृत्ती एकच ठेवा, नाहीतर परवानगी मिळूनही डोकेदुखी राहीलच.