पंचनाम्यात नसलेला रकाना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पूरग्रस्त वाड्यांवर मदतीला निघालायस, तर स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल असलेल्या घरांबद्दल थोडं लिहितो. तलाठी भिंत, कौलं, भांडीकुंडी लिहून घेतात. मुलाच्या दिवसाची घडी मोडली, त्याला पंचनाम्यात रकाना नसतो. ती तुम्हालाच बसवायची आहे, आईच्या मदतीने.

घरात शिरल्या शिरल्या मुलाशी बोलायला जाऊ नकोस. आधी आईला विचार: काय खातो, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, दुखलं तर कसं कळतं, निसटला तर कुठे जातो. एका कागदावर लिही. एक प्रत तिला, एक निवारा सांभाळणाऱ्याला.

लगेच औषधं विचार. फिटच्या गोळ्या एकदम तुटल्या तर मोठी फिट येऊ शकते, म्हणून हे धान्याच्याही आधी. पाकीट वाहून गेलं असेल तर चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आहे का बघ, नाहीतर नेहमीच्या डॉक्टरांना फोन लाव. अंदाजाने डोस नको. गोळी आवडत्या खाऊत लपवूही नका. मुलाला कळलं की तो खाऊही सुटतो.

खाण्याचं बाकीच्यांना हट्ट वाटतं. पण खिचडीला तोंड फिरवणारं मूल कोरडा भात खातं, आमटी वेगळ्या वाटीत ठेवली तर. बिस्किटाचं वेष्टन बदललं तरी त्याच्या लेखी ते दुसरंच बिस्किट.

शाळेतल्या निवाऱ्यात जनरेटरपासून लांबचा कोपरा मागून घे. आडोशाला दोन जुन्या चादरी दोरीवर टाक. ताडपत्री नको, ती फडफडते, आणि पत्र्यावरचा पाऊस आधीच पुष्कळ असतो. तरीही कान दाबत असेल तर यंत्रावरचे कामगार लावतात तसे कान झाकणारे मफ आण. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पंख्याच्या घरघरीवर झोपणाऱ्या मुलासाठी बॅटरीचा छोटा पंखा जवळ असू दे.

मग दिवस लावायचा. पुठ्ठ्याचे सहा तुकडे घे: दात घासणं, न्याहारी, खेळ, जेवण, अंघोळ, झोप. ओबडधोबड चित्रं चालतील. चिमट्यांनी दोरीवर ओळीने अडकव. काम झालं की ते चित्र मुलानेच उलटं करायचं. ‘उद्या घरी जाऊ’ असं मात्र कुणी सहज बोलू नये. उद्या तो पहाटेच चप्पल घालून दाराशी बसेल.

यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, आणि पुरानंतर विहिरींचे कठडे ढासळलेले, पऱ्ये म्हणजे ओढे भरलेले. दाराला घुंगरू बांध. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धाव, हाका नंतर. तो ओ देईलच असं नाही.

‘मी याला सांभाळतो, तुम्ही रांगेत जा’ हे आईला सांगू नकोस. मदतीच्या रांगेत तूच उभा राहा.

दिव्यांगत्वाचं कार्ड भिजलं असेल तर ते ऑनलाइन पुन्हा काढता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ८व्या कलमाप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. मुलाचं नाव आहे का, विचार. नसेल तर लेखी अर्ज दे आणि पोच घे.

महिन्याभराने पुन्हा जा. तोवर मदतीच्या गाड्या थांबलेल्या असतात. अंथरूण ओलं होणं, येत असलेले शब्द गळणं दिसलं तर घरच्यांना धीर दे. पण वजन उतरलं असेल किंवा मूल डोकं आपटून घेत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायची गाडी ठरव, आणि निघायच्या आदल्या दिवशी दोरीवर गाडीचं चित्र लाव.